उत्तर न ठरलेलं प्रॅक्टिकल

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला सॉल्ट ओळखायला दिलं, की निळे खडे बघूनच मुलं मोरचूद ठरवून टाकतात आणि कसोट्या मागाहून लिहितात. टायट्रेशनची तिन्ही रीडिंगं तंतोतंत सारखी येतात. मुलांना दोष देऊन उपयोग नाही. उत्तर आधीच ठरलेलं असेल, तर शोधायचं काय?

रसायनाची प्रयोगशाळा शिकायची जागा झाली ती नेमकी याच्या उलट हेतूने. 1824 मध्ये एकविशीतला युस्टुस लीबिग गीसेनला प्राध्यापक झाला. तोवर बहुतेक ठिकाणी प्रयोग गुरूंनी करायचे आणि शिष्यांनी बघायचे. लीबिगने मुलांच्याच हाती अज्ञात पदार्थ दिले. हात बसला की ज्यांची उत्तरं कोणाकडेच नाहीत असे प्रश्न दिले. आपल्याकडे प्रफुल्लचंद्र राय एडिनबरोची डॉक्टरेट घेऊन आले आणि 1889 पासून कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. 1896 मध्ये त्यांचा मर्क्युरस नायट्राइटचा शोध प्रसिद्ध झाला, तरी अगदी खालच्या वर्गाला ते आवडीने शिकवत. मला हे त्यांच्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं. पुढे वर्ग फुगले, परीक्षा वाढल्या आणि ‘अज्ञात’ पदार्थही ठरावीक झाले.

नागपूरच्या प्रयोगशाळेतून आरमोरीत शिकवायला आलो, तेव्हा संशोधन केलेल्याने वर्गाला नवी यंत्रं आणि नवे निबंध समजावून सांगावेत, अशी माझी कल्पना होती. हळूहळू कळत गेलं, की संशोधनाने मला दिली ती उत्तर सापडत नसतानाही टेबल न सोडण्याची सवय. मुलांना द्यायची तर तीच.

त्याला महागडं यंत्र लागत नाही. आरमोरीची ओळख टसरची. ऐन-अर्जुनाच्या पानांवर वाढलेल्या अळ्यांचे कोसे कडक असतात. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटही असतं. सोड्याच्या पाण्यात उकळले, की डिंकासारखं चिकटून बसलेलं सेरिसिन सुटतं आणि फायब्रॉइनचा धागा मोकळा होतो. आम्ही कोसे तोलतो, सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात उकळतो, धुतो, वाळवतो, पुन्हा तोलतो. वजन किती घटलं? गटागटाचे आकडे जुळत नाहीत.

“सर, बरोबर कोणाचं?”

“मलाही ठाऊक नाही.”

मग एका मुलीला शंका येते, की आपला कोसा ओलाच राहिला असेल. ती तो परत ओव्हनमध्ये ठेवते, तोलते. वजन आणखी उतरलेलं असतं. वजन उतरायचं थांबेपर्यंत ती हेच करत राहते. ज्याच्या घरी कोसा होतो तो विचारतो, पूर्वी राखेच्या पाण्यात उकळायचे, त्याने किती घटेल? राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, एवढं मी सांगतो. पुढचं त्याने करून बघायचं.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची सोय केली, हे चांगलंच झालं. पण तोवर रीडिंग जुळवायची सवय हाडीमाशी मुरलेली असते. असं एक तरी प्रॅक्टिकल पहिल्याच वर्षी हवं, आणि त्याचे गुण आकडा का जुळला नाही हे शोधणाऱ्याला मिळायला हवेत.