थोरल्याचं रान, धाकट्याचं रान

गडमुडशिंगीत दोघा भावांची रानं बांधाला बांध लागून होती. ऊस तुटला, तोडकरी पुढच्या गावाला गेले. थोरल्यानं त्याच संध्याकाळी पाचट पेटवलं. म्हणाला, "रान मोकळं झालं, आता पाणी सरीतनं पळंल." धाकट्यानं पाचट बुडख्यांवरून ओढून सरीत दाबलं. लोक हसले, "उंदरांची सोय केलीस की रं!"

चैत्र सरला. पाण्याची पाळी लांबली की थोरल्याच्या काळ्या रानाला भेगा पडायच्या, खोडवा दुपारी माना टाकायचा. धाकट्याच्या सरीतलं पाचट उचललं की खाली माती ओलसर, गार.

धाकट्याची लेक गोव्यात, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात काम करायची. सुट्टीला आली तेव्हा थोरल्यानं बांधावर विचारलं, "त्या बर्फात काय हुडकता गं पोरी?"

"पाचटच, काका! उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रावर बर्फाचा थर असतो. हिवाळ्यात वरची हवा उणे तीस अंश, खालचं पाणी उणे दोनच्या आसपास. थर जाड असला तर पाण्यातली ऊब अगदी थोडी वर झिरपते. भेग पडली की तिथनं कितीतरी पट जास्त निसटते. उन्हाळ्यात पांढरा बर्फ निम्म्याहून जास्त ऊन परत धाडतो. उघडं पाणी शंभरातलं नव्वदच्या वर पिऊन टाकतं. तीच ऊब पुढं हवेत येते. मग नवा बर्फ उशिरा धरतो, पातळ राहतो आणि लवकर वितळतो."

"किती गेला?"

"1979 पासून उपग्रह मोजतायत. 2012 च्या सप्टेंबरात 34 लाख चौरस किलोमीटर उरला होता. सुरुवातीच्या वर्षांत त्याच महिन्यात याच्या दुप्पट असायचा."

"मग परत घालायचा की!"

"तुमचं पाचट पुढच्या तोडीला मिळंल, काका. तो बर्फ माणसाला अंथरता येत नाही. कोळशाचा, डिझेलचा धूर कमी करायचा, एवढंच आपल्या हातात."

पुढच्या तोडीनंतर थोरल्यानं पाचट पेटवलं नाही.

तात्पर्य : वाटेत आडवं येतं ते सगळंच अडगळ नसतं. एखादं आवरण काढण्याआधी ते काय सांभाळून आहे, हे पाहावं.