कारणाला दोष म्हणता येईल का?

बंगळुरूच्या होसूर रोडवर निम्हान्स आहे. तिथल्या मेंदूविकारांच्या ओपीडीत एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली जाते आणि करड्या चित्रात पांढरे ठिपके दिसतात. निदान होतं मल्टिपल स्क्लेरोसिस, बोलीत एमएस. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर चाल करून जाते. मग नजर धूसर होते, पाय बधिर होतात, तोल जातो. रुग्ण बहुधा विशी-तिशीतले, आणि त्यांत बायका जास्त.

औषधांचं बोलणं संपतं आणि घरी परतताना प्रश्न निघतोच: हिच्याच वाट्याला का? शहाजीराजांच्या जहागिरीपासून मराठी माणसं या शहरात आहेत, आज आयटीमुळे आणखी आली आहेत. पण उत्तरं गावाकडचीच निघतात. मागच्या जन्मीचे भोग. कुणाची तरी दृष्ट लागली. कुलदैवताचं काही राहून गेलं. आणि सून असेल तर हमखास: माहेरी कुणाला होतं का?

हा शेवटचा प्रश्न शास्त्रीय वाटतो, म्हणून तोच सगळ्यात जास्त घाव घालतो. एमएसला आनुवंशिक बाजू आहे, हे खरं. एचएलए-डीआरबी1 या जनुकाचं एक विशिष्ट रूप अंगी असलं, तर धोका साधारण तिपटीनं वाढतो. त्याखेरीज धोका किंचित वाढवणाऱ्या जनुकीय जागा 200 हून अधिक सापडल्या आहेत. पण एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला एमएस झाला तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण चारांत एकाच्या आसपासच आहे. दोघांची जनुकं तीच, गर्भ तोच, तरी बहुतेक वेळा दुसरा वाचतो. आईला एमएस असेल तर पाश्चात्त्य देशांतल्या पाहणीनुसार शंभरातल्या दोन-तीन मुलांना तो होतो. ज्या आजारात आईच्या शंभरातल्या सत्त्याण्णव मुलांना काही होत नाही, त्यासाठी माहेराचा झाडा घेणं हा अन्याय आहे. ते स्पष्ट म्हणायला हवं.

मुंबईतल्या पारशी समाजाचं उदाहरण इथे आठवतं. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या समाजात एमएसचं प्रमाण लाखामागे 20 हून अधिक आढळलं. तेव्हाच्या भारताच्या मानानं हे फार होतं. हवा मुंबईची, पाणी मुंबईचं, फरक वंशाचा. पण 1990 मध्ये ब्रिटनमधून उलट बाजू पुढे आली: भारतीय उपखंडातून तिकडे गेलेल्या आईबापांत एमएस विरळा, आणि तिथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांत मात्र तिथल्या गोऱ्या लोकांच्या जवळपास जाणारं प्रमाण. रक्त तेच, देश बदलला.

देशात असं काय असतं? ऊन कमी, ड जीवनसत्त्व कमी, किशोरवयातला लठ्ठपणा, सिगारेट. आणि एक विषाणू. 2022 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकी लष्करातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदी आणि साठवलेले रक्तनमुने तपासले. एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका 32 पट वाढतो, असं त्यांना आढळलं. तपासलेल्या 801 रुग्णांपैकी लागणीचा पुरावा न सापडलेला फक्त एक होता. तरीही जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या अंगात हा विषाणू आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना एमएस कधीच होत नाही.

हा विषाणू लाळेतून पसरतो. आजी भाताचा घास आधी स्वतःच्या जिभेला लावून बघते आणि मग नातीच्या तोंडात घालते. लागण होते ती अशा वेळी. भारतात ती बहुधा लहानपणीच होते आणि कळतही नाही. किशोरवयात ताप आणून ती झाली, तर एमएसचा धोका जास्त दिसतो. या साखळीत पाप कुठे बसवायचं? आजीच्या घासात?

जनुकांची कथा तर आणखी मागे जाते. 2024 मध्ये प्राचीन डीएनएच्या अभ्यासातून असं मांडलं गेलं, की युरोपात एमएसचा धोका वाढवणारी काही जनुकीय रूपं सुमारे 5,000 वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांबरोबर तिथे पोचली. गुरांच्या सहवासात जडणाऱ्या रोगांपासून ती त्यांना वाचवत असावीत. तेव्हाचं संरक्षण आज उलटलं आहे.

एका आजाराला अनेक कारणं असतात, हे परंपरेला अपरिचित नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्य अग्निवेश गुरू पुनर्वसू आत्रेयांना विचारतो: माणसांच्या प्रकृती, आहार, वय वेगळं असताना एकच रोग सगळ्यांना कसा ग्रासतो? आत्रेय हवा, पाणी, भूमी आणि काळ या चार सामाईक गोष्टींकडे बोट दाखवतात. त्यांच्या मुळाशी ते अधर्म सांगतात खरा, पण त्याची सुरुवात देश आणि नगर चालवणाऱ्या प्रमुखांपासून करतात. रोग्याला उभं करून जाब विचारत नाहीत. पुढे आयुष्य ठरलेलंच असतं का, असा प्रश्न येतो, तेव्हा ते दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, दोन्ही मान्य करतात. सगळं ठरलेलंच असेल तर औषधाला अर्थ उरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायातही कर्मामागची कारणं पाच आहेत आणि दैव त्यांतलं पाचवं. संयुत्त निकायातल्या सीवक सुत्तात बुद्ध दुःखाची पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी आठ कारणं मोजतात. पूर्वकर्म त्यांतलं एक. सगळंच पूर्वकर्मानं होतं म्हणणाऱ्यांना ते चूक ठरवतात. डॉ. आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये हाच वाद आनुवंशिकतेपर्यंत आणला: मूल आईबापांकडून गुण घेतं हे विज्ञान सांगतं, मग पूर्वजन्मीच्या कर्माचा वारसा बसतो कुठे?

एवढी मोठी चर्चा असताना घरोघरी उरलं ते एकच कारण, आणि तेही आजारी माणसाच्या माथी मारायचं. जनुकांची भाषा आली तरी ही खोड जात नाही. ‘नशिबात होतं’ऐवजी ‘जीन्समध्येच होतं’ म्हटलं जातं, इतकंच. सिगारेट सोडावी, कारण निदानानंतरही ती आजार बळावण्याला हातभार लावते. पण सिगारेट सोडायला सांगणं वेगळं आणि ‘तूच ओढवून घेतलंस’ म्हणणं वेगळं.

मागचा हिशेब बाजूला ठेवला की पुढची कामं दिसू लागतात. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर एमएसच्या काही रुग्णांना वर्तमानपत्राची अक्षरं पुसट दिसू लागतात. अंग निवलं की ती पुन्हा ठळक होतात. आवरण गेलेल्या तंतूतून उष्णतेमुळे संदेश नीट जात नाहीत म्हणून असं होतं. विल्हेल्म ऊटहॉफ यांनी 1890 मध्येच या लक्षणाची नोंद केली होती. सकाळी चालत ऑफिसात आलेली बाई दुपारी उन्हातून परतताना भिंतीचा आधार घेते, आणि सहकाऱ्यांना ते नाटक वाटतं. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात एमएसचा समावेश आहे, पण असा तासागणिक बदलणारा आजार टक्क्यांच्या दाखल्यात बसवणं अवघड जातं. 1985 पासून काम करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र आणते. बाकीचं काम आत्रेयांनी ज्या प्रमुखांचं नाव घेतलं त्यांचं आहे: औषधांच्या किमती, दाखल्याचे निकष, आणि नोकरीत थकवा आल्यावर अर्धा तास आडवं व्हायची मुभा.