सही मिळणार नाही

ही नोंदवही परत घे. मंद्रूपच्या शाळू ज्वारीवर चाळीस पानं लिहिलीस आणि त्यात एकाही शेतकऱ्याचं नाव नाही! बियाण्याच्या पुड्यांवर नुसतं ‘स्थानिक वाण’. रान कुठलं, काळं भारी की मुरमाड? पेरा कधीचा? वाण राखला कुणी?

वर तुला बियाणं देणाऱ्या आजींबद्दल म्हणतोस, ‘त्यांना शास्त्र कळत नाही.’ अरे, मालदांडी 35-1 आली कुठून? 1930च्या दशकात, याच जिल्ह्यात, मोहोळच्या केंद्रात तिची निवड झाली ती शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या राखलेल्या मालदांडीतूनच. त्यांनी बी जपलं नसतं, तर शास्त्रज्ञांनी निवडलं काय असतं? हातावर चोळताच दाणा सुटणारी हुरड्याची गुळभेंडी कुठल्या प्रयोगशाळेत जन्मली? कुठला कडबा जनावरं आवडीनं खातात, कुठल्या पिठाची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, हे आजींनी तुला सांगितलं होतं. त्या अर्धं कन्नडात बोलल्या आणि तू वही मिटलीस.

बरं, तुझं शिक्षण तरी त्यांच्या कामी आणलंस? आजी बियाण्याला दोन-चार टपोरी कणसं काढून ठेवतात. इतक्या थोड्या ताटांवर भागवलं की वाणातली विविधता आटत जाते. निरोगी अशा पुष्कळ ताटांची कणसं घ्यायला हवीत. ज्वारीत थोडंफार परपरागीभवन होतं, म्हणून शेजारी दुसरा वाण फुलोऱ्यात असेल तर बांधाकडेची कणसं बियाण्याला धरू नयेत. हे सगळं तुला पाठ आहे. मग तिथे तोंड का उघडलं नाहीस? याला मी आळस म्हणत नाही, कृतघ्नपणा म्हणतो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. बायफ संस्थेची साथ मिळाली आणि त्यांच्या घरची बियाणे बँक देशाला माहीत झाली. तुझ्यासारखा कृषी पदवीधर होऊ घातलेला मुलगा मंद्रूपमध्ये तेवढी साथ देऊ शकत नाही?

आणि ‘संकलक’ म्हणून फक्त स्वतःचं नाव! 2001च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतो, हे आजींना सांगितलंस? सोमवारी पुड्या घेऊन घरोघर जा. काढणीआधी आजींसोबत रानात उभा राहून कणसं निवड. त्यांचा होकार मिळेपर्यंत एक दाणाही पुढे पाठवायचा नाही. सहीचं त्यानंतर बघू.