पान कुणाच्या नावाचं

हातकणंगल्यात एक म्हातारा राहत होता. उभं आयुष्य इचलकरंजीच्या मागावर गेलेलं. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. दर सर्वपित्री अमावस्येला तो आईवडिलांचा म्हाळ घालायचा. आमटी, वडे, खीर, सगळं स्वतः रांधायचा.

त्या वर्षी कावळा लगेच शिवला. तरी म्हातारा पायरीवरून उठेना. शेजारचे म्हातारे गुरुजी जेवायला आले होते.

"गुरुजी, माझ्यामागं माझं पान कोण ठेवणार?"

गुरुजींनी सुपारी कातरली आणि भलतंच काही सांगू लागले.

"आबा, चीनमधली माणसंही पितर मानतात. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांचा छिंगमिंग असतो. सगळं घर कबरीवर जातं. गवत उपटायचं, दगड पुसायचा, गेलेल्याच्या आवडीचं खाणं मांडायचं, वाकून नमस्कार करायचा. परलोकात खर्चायला म्हणून कागदी नोटासुद्धा जाळतात. आईबापांची सेवा ते गेल्यावरही संपत नाही, अशी तिथली शिकवण. ज्याला पुसायला कुणी उरलं नाही, तो उपाशी भटकतो म्हणतात."

"म्हणजे माझीच गत."

"ऐका तर. त्यांच्या सातव्या महिन्यात, पौर्णिमेला, अशा भटकणाऱ्यांसाठीही लोक दाराबाहेर अन्न ठेवतात. अन् आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस! चीन-जपान युद्धात, १९३८ साली, काँग्रेसनं पाच डॉक्टर तिकडं धाडले, त्यातले हे एक. बाकीचे परतले, हे राहिले. डोंगरात जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले. तिथल्याच ग्वो छिंगलान नावाच्या परिचारिकेशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ला गेले, तेव्हा वय बत्तीस. भाऊबंद इकडं, कबर तिकडं."

"मग तिथलं गवत कोण काढतं?"

"तिथलीच माणसं. छिंगमिंगला शाळेची पोरं येऊन फुलं वाहतात. ना रक्ताची, ना गोताची."

म्हातारा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आपल्या गल्लीतली विहीर कुणी खोदली हो?"

"वडार आले होते म्हणतात. नावं कुणाला ठाऊक?"

म्हातारा उठला. केळीचं आणखी एक पान धुतलं, त्यावर वाढलं आणि पहिल्या पानाशेजारी नेऊन ठेवलं. पुढं दर वर्षी दोन पानं निघू लागली. गल्लीतली पोरं दुसरं पान कुणाचं म्हणून विचारायची. "विहिरीवाल्यांचं," तो सांगायचा.

म्हाताऱ्यामागं त्याचं पान कुणी ठेवलं का, ते या गोष्टीत नाही. त्यानं तो प्रश्न पुन्हा कुणाला विचारला नाही, एवढं आहे. आपली आठवण कोण ठेवील, याचा घोर आपण कुणाची ठेवतो हे मोजू लागलं की हलका होतो.

डॉ. कोटणीसांची कबर हबेई प्रांतातल्या शिजियाझुआंग शहरात आहे. तिथवर जाणं सगळ्यांना जमणार नाही. पण सोलापुरातलं त्यांचं घर आता स्मारक आहे, तिथं जाऊन या.