अचूकता कोठे वसते?

नेम अचूक लागला तर श्रेय नळीचे की गोळीचे, हा प्रश्न वरवर शस्त्रकारागिरांचा वाटतो. वास्तविक गुण कोणत्या द्रव्याच्या आश्रयाने राहतो, हा वैशेषिक दर्शनाचा जुना प्रश्नच त्यात दडलेला आहे. बाणाच्या गतीचा विचार या दर्शनाचे प्रणेते कणाद यांच्या सूत्रांतही आढळतो : पहिली गती नोदनाने, म्हणजे रेट्याने उपजते, पुढची त्या गतीतून निर्माण झालेल्या वेगसंस्काराने चालते आणि संस्कार सरला की गुरुत्वामुळे बाण खाली पडतो.

रायफलच्या गोळीला वेगाच्या जोडीला भ्रमणही मिळते. नळीत कोरलेल्या सर्पिल खाचांमुळे ती स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि एक फेरा जितक्या इंचांत पुरा होतो, त्यावरून खाचांचा पीळ मोजतात. अंतर जितके कमी, तितका पीळ घट्ट. लांबट गोळीचा गुरुत्वमध्य मागे आणि हवेच्या दाबाचा मध्य पुढे असल्यामुळे हवा तिला सतत उलथवू पाहते, आणि तिला आवर घालते ते भोवऱ्याला उभे ठेवणारे भ्रमणच. जड गोळीला घट्ट पीळ हवा, असे व्यवहारात म्हणतात खरे. परंतु निर्णायक असते ती लांबी, कारण जाडी आणि धातू तेच ठेवून वजन वाढवायचे तर गोळी लांबच करावी लागते. वुलिचच्या लष्करी अकादमीतील गणितज्ञ ग्रीनहिल यांच्या 1879च्या सूत्रातही वजन येत नाही, व्यास आणि लांबी येतात.

5.56 मिलिमीटरच्या रायफलीत 12 इंची पिळाच्या नळीतून 55 ग्रेन वजनाची गोळी सरळ जाते. 77 ग्रेनची लांब गोळी मात्र त्याच नळीतून सुटल्यावर आडवी होते आणि कागदी निशाणावर गोल भोकाऐवजी लांबट चीर उमटते. नळीत दोष नसतो, गोळीतही नसतो. जुळत नाही ती दोहोंची जोडी. पीळ वाटेल तितका घट्ट करणे हाही उपाय नव्हे, कारण गोळीतील सूक्ष्म असमतोल वाढत्या भ्रमणाने अधिकच बळावतो.

अचूकता ही दोन द्रव्यांवर एकाच वेळी राहणाऱ्या संयोग या गुणासारखी आहे, असे म्हणावे, तर हवा आड येते. एआर-15 रायफलचा पीळ आरंभी 14 इंची होता. आर्क्टिक थंडीतील दाट हवेत 55 ग्रेनची गोळी पुरेशी स्थिर राहीना, म्हणून 1960च्या दशकात तो 12 इंचांवर आणावा लागला. नळी तीच, गोळी तीच, तरीही अचूकता गेली. म्हणजे तिचा आश्रय दोहोंपुरता नव्हता. अनेक द्रव्यांवर मिळून राहणारा गुण म्हणून वैशेषिक बहुत्वसंख्या सांगतात, पण ती मोजणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीतून, म्हणजे ‘हा एक, हा एक’ अशा जाणिवेतून उत्पन्न होते, आणि गोळी तर कोणी पाहत नसतानाही उलथते. नव्यन्याय या नंतरच्या तर्कपरंपरेतील पर्याप्ती ही संकल्पना येथे अधिक जवळची ठरते : जो धर्म एकेका आश्रयात पुरा मावत नाही आणि सर्वांत मिळूनच पूर्ण होतो, त्याचा विचार ती करते, मात्र संख्येसाठी घडवलेली ही संकल्पना अचूकतेला लावताना अपेक्षाबुद्धीची अट सोडून द्यावी लागते.