चार्ज देताना

जळगावहून धुळ्याची एसटी निघते आणि गिरणेचा पूल यायच्या आत कुणाचा ना कुणाचा फोन वाजतो. पलीकडून आई अहिराणीत विचारते, "कथा शे रे भाऊ?" मग पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे अशी गावं मागं पडत जातात. घरातल्या आजारपणापासून कापसाच्या भावापर्यंत बोलणं चालूच राहतं. रस्त्याकडेच्या कुठल्याही टॉवरची हद्द काही किलोमीटरची. एवढ्या वाटेवर ते बोलणं एकटा टॉवर सांभाळूच शकत नाही. एकानं दुसऱ्याकडे, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे सोपवायचं, असं ते धुळ्यापर्यंत पोचतं. या सोपवण्याला हँडओव्हर म्हणतात. बेल लॅब्जच्या एमॉस जोएल यांना १९७२मध्ये या कल्पनेचं पेटंट मिळालं, आणि चालत्या वाहनातल्या माणसाशी अखंड बोलण्याची वाट मोकळी झाली.

हे काम नाजूक आहे. फोन सतत शेजारच्या टॉवरांचा जोर मोजतो आणि आपल्या टॉवरला कळवत राहतो. शेजारचा जोर क्षणभर वाढला म्हणून लगेच तिकडे जायचं नसतं. तसं केलं तर दोन टॉवरांमध्ये नुसत्या येरझाऱ्या होतात. तो ठरलेल्या फरकानं आणि थोडा वेळ टिकून सरस ठरला, तरच बदल करायचा. फार थांबलं तर जुना सुटतो, नवा मिळत नाही आणि कॉल कट होतो. सिनेमा आधीच थोडा साठवून ठेवता येतो, पण समोरच्यानं अजून न उच्चारलेला शब्द कुठून साठवणार? उशिरा आलेला शब्द वायाच जातो.

फोर-जीमध्ये यासाठी जी शिस्त आहे, ती मला फार मोलाची वाटते. नव्या टॉवरनं जागा राखून ठेवल्याशिवाय जुना टॉवर फोनला निरोप देत नाही. निरोप दिल्यावरही, फोनपर्यंत पोचायचे राहिलेले आवाजाचे तुकडे तो नव्या टॉवरकडे धाडतो. नव्यानं सगळं हाती घेतल्याचं कळवलं, की मगच आपल्याकडची नोंद पुसतो. फोनचा संबंध तुटतो तो सेकंदाच्या काही शतांश भागापुरता. बोलणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

आपल्या कचेऱ्यांत चार्ज देताना किल्ल्या मोजल्या जातात, रजिस्टरं तपासली जातात, सह्या होतात. अर्धवट प्रकरणांचं काय? कुणा विधवेचं निवृत्तिवेतन एका सहीसाठी अडलेलं असतं, कुणा शेतकऱ्याला तोंडी शब्द दिलेला असतो. ते त्या रजिस्टरांत नसतं. मग त्यांच्या वाट्याला एकच उत्तर येतं, "साहेब बदलले, नव्यानं अर्ज करा." खुर्चीवरचा माणूस बदलणारच, पण त्याची झळ दारात उभ्या असलेल्याला का बसावी?

आज कुणाच्या हाती काही सोपवायचं असेल, मग ते कचेरीतलं टेबल असो, शाळेतला वर्ग असो की घरातल्या आजारी माणसाची शुश्रूषा, तर झालेल्या कामाआधी राहिलेल्या कामाची यादी द्यावी. आणि घेणारा "आलं लक्षात" म्हणेपर्यंत आपण हलू नये.