कारण तहात सापडतं

युद्ध पेटताना जे कारण जाहीर होतं, ते खोटंच असतं असं नाही; पण ते पुरं नसतं. पुरं कारण कळतं युद्ध संपल्यावर, तहाच्या कलमांत. भाऊबंदकीचं भांडण मानपानावरून पेटतं, एकमेकांच्या दारात पाऊल ठेवायचं नाही अशा शपथा होतात. वाटणीपत्र झालं की दिसतं, सगळा झगडा विहिरीच्या पाण्याचा आणि वाडीतल्या वाटेचा होता. राज्यांचंही याहून वेगळं नाही. दिवेआगरच्या आसपासचा थोडासा किनारा घेतला तरी हे तपासून पाहता येतं.

दिवेआगर हे नारळी-पोफळीचं गाव. शके 982, म्हणजे इ.स. 1060 मधला इथला ताम्रपट मराठीच्या आरंभीच्या लेखांत गणला जातो. गाव दिसायला साधं. पण उत्तरेला राजपुरीची खाडी आणि तिच्या तोंडाशी जंजिरा, दक्षिणेला श्रीवर्धन, त्यापलीकडे सावित्रीच्या मुखावर बाणकोट. घाटावरचा माल याच खाड्यांनी समुद्राला लागायचा आणि समुद्रावरचा माल याच खाड्यांनी आत जायचा. ज्याच्या हाती खाडीचं तोंड, त्याच्या हाती जकात. या किनाऱ्यावरच्या लढाया या एका वाक्याभोवती फिरतात. बदलत गेलं ते लढण्याचं रूप.

तेराव्या शतकात हे रूप सरळ होतं. 1265च्या सुमारास यादव राजा महादेवाने उत्तर कोकणच्या शिलाहार सोमेश्वराला जमिनीवर हटवलं, तेव्हा तो समुद्रावर गेला आणि तिथेच बुडाला. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या युद्धनौका कोरलेल्या आहेत. अभ्यासक त्या याच संघर्षाशी जोडतात. इथे तहाची वेळच आली नाही. राजा स्वतः नावेत होता. तो गेला, राज्य गेलं, बंदरं यादवांकडे आली.

पोर्तुगीज आले आणि कागद आला. 1508 साली चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुकांचं आरमार आणि पोर्तुगीज यांची लढाई झाली. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा तिच्यात मारला गेला. पुढच्याच वर्षी दीवला पोर्तुगिजांनी उट्टं काढलं. दोन्ही बाजूंनी धर्माची भाषा होती, पण मामलुकांचं खरं दुखणं मिरीचं होतं: तांबड्या समुद्रातून कैरोला जाणारा मसाला आफ्रिकेला वळसा घालून लिस्बनला जाऊ लागला होता. जिंकल्यावर पोर्तुगिजांनी काय केलं? ‘कर्ताज’ नावाचा परवाना सक्तीचा केला. जहाजाचं नाव, नाखव्याचं नाव, शस्त्रं किती, जायचं कुठे, हे सगळं त्यात लिहिलेलं. कोणता माल न्यायचा नाही आणि कोणत्या पोर्तुगीज बंदरात जकात भरायची, हेही त्यातच. परवाना नसेल तर जहाज जप्त. शतकानुशतकं ज्या पाण्यावर कुणी परवानगी विचारली नव्हती, त्यावर तोफेच्या जोरावर नाका बसला.

नाका एकाने बसवला की दुसऱ्यालाही तो बसवावासा वाटतो. शिवाजी महाराजांनी आरमार उभारलं, जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग बांधला. आणि 1671 मध्ये कुडाळच्या सुभेदाराला पत्र लिहून पोर्तुगिजांच्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं, कारण स्वस्त परक्या मिठाने आपली मिठागरं बुडाली असती. हे पत्र आरमाराइतकंच युद्धाच्या इतिहासाचं आहे. पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे परवाने द्यायला सुरुवात केली, तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं. परवाने इंग्रजही देत होते. फरक शिक्क्याचा होता.

जाहीर कारण आणि खरं कारण यांतलं अंतर सगळ्यात स्पष्ट दिसतं ते बाजीरावांच्या जंजिरा मोहिमेत. 1727 साली जंजिऱ्याच्या सिद्दीचा सरदार सिद्दी सात याने चिपळूणजवळचं परशुरामाचं देऊळ लुटलं. निमित्त होतं एका हत्तीचं: सिद्दीसाठी सावनूरहून येणारा हा हत्ती वाटेत आंग्र्यांच्या माणसांनी अडवला आणि सिद्दीने राग काढला त्या देवळाचे आणि पेशव्यांचे गुरू असलेल्या ब्रह्मेंद्रस्वामींवर. म्हणजे देवळाच्या विटंबनेमागेही पुन्हा नाकाच. स्वामींनी सातारा-पुणे हलवून सोडलं. 1733 मध्ये मोहीम निघाली, रायगड परत मिळाला. पण त्याच वर्षी कान्होजींचे पुत्र सेखोजी आंग्रे वारले, आंग्र्यांच्या भावाभावांत फूट पडली आणि जंजिरा तसाच उभा राहिला. 19 एप्रिल 1736 रोजी चिमाजी अप्पांनी रेवसजवळ चरईला सिद्दी सातला ठार मारलं. देवळाचा सूड पुरा झाला. धर्म हेच कारण असतं तर कहाणी तिथे संपायला हवी होती. ती संपली ती अकरा महालांचा वसूल सिद्दी आणि मराठे यांनी निम्मा-निम्मा घ्यावा, या वाटणीवर. ज्यांच्या घराण्याला सिद्दीच्या जाचाने श्रीवर्धन सोडावं लागलं, त्या बाळाजी विश्वनाथांच्या मुलांनी, बाजीराव आणि चिमाजींनी, हा हिशेब केला, आणि श्रीवर्धन-म्हसळ्याचा मुलूख 1948 पर्यंत जंजिरा संस्थानातच राहिला.

वीस वर्षांनी तर शत्रू-मित्रच उलटे झाले. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, ते इंग्रजांनी पेशव्यांच्या साथीने जाळलं. जाहीर कारण तुळाजींचं बंड आणि चाचेगिरी. त्याच वर्षीच्या तहात मात्र बाणकोट इंग्रजांना मिळालं आणि मराठी मुलखातून डचांचा व्यापार बंद करायचं ठरलं. चाचेगिरीचा बंदोबस्त करता करता सावित्रीच्या मुखावरचा नाका इंग्रजांकडे गेला. विजयदुर्गावर इंग्रजांचं पायदळ क्लाइव्हच्या हाताखाली होतं; पुढच्या वर्षी तो प्लासीला होता.

आता आपल्या काळाकडे येऊ. जानेवारी 1993 मध्ये दिघीला शस्त्रं उतरली, फेब्रुवारीत शेखाडीला स्फोटकं. शेखाडी म्हणजे दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना किनाऱ्यालगतच लागणारं गाव. ही वाट नवी नव्हती. चोरट्या चांदीसाठी ती आधीच मळलेली होती. दिघीचा माल घेऊन निघालेले ट्रक गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवले. सौदा ठरला, पुरेशी रोकड जवळ नव्हती, म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या गेल्या आणि ट्रक सुटले. 12 मार्चला मुंबईतल्या साखळी बॉम्बस्फोटांत 257 माणसं मेली. पुढे न्यायालयाने पोलिसांना आणि कस्टमच्या अधिकाऱ्यांनाही शिक्षा ठोठावल्या.

याला युद्ध म्हणायचं का, यावर वाद होईल. पण बदल नेमका इथेच आहे. सोमेश्वर स्वतः नावेत होता, आल्मेदा आणि सिद्दी सात रणात पडले. 1993 मध्ये बेत ठरवणाऱ्यांना रणात उतरावं लागलं नाही. मेले ते कामावर निघालेले, बसमध्ये बसलेले, बाजारात आलेले लोक. पूर्वी नाका जिंकावा लागत असे, आता तो विकत मिळाला. आणि घोषणा नसल्यामुळे तहही नाही. कारण शोधायचं तर तहाऐवजी निकालपत्र उघडावं लागतं, आणि त्यातही कलमं सापडतात ती वसुलीचीच: कुणी वाट सोडली आणि किती घेऊन.

नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या ड्रोन-क्षेपणास्त्रांनी जहाजांना पुन्हा आफ्रिकेचा वळसा घालायला लावला. मामलुक ज्या वळशापायी चौलला लढायला आले, तोच हा वळसा. हत्यार नवं, नाका जुना.

धर्म, अपमान, सूड यांनी माणसं लढायला उठतात, हे नाकारण्यात अर्थ नाही; त्याशिवाय सैन्य उभं राहत नाही. पण लढाई कुठे थांबते ते पाहिलं की ती कशासाठी होती हे कळतं. म्हणून पुढच्या वेळी कुठेही युद्ध पेटलं की घोषणा जरूर ऐका, पण मत लगेच बनवू नका. त्या मुलखाचा नकाशा काढा, त्यात माल कुठून जातो ते पाहा, आणि तह झालाच तर त्याची कलमं शेवटपर्यंत वाचा.